पाचशेची रांग, पाच रुपयांची पावती

बँकेच्या डायऱ्या डिसेंबरअखेर येतात. मोठ्या खातेदारांना वाटून उरल्या तर स्टाफला. २०२० ची माझ्या वाट्याला आली ती जाड पुठ्ठ्याची, एका दिवसाला एक पान आणि पानाच्या माथ्यावर सुविचार. एरवी असल्या डायरीत आमच्या घरी दुधाचे खाडे आणि गॅसचा नंबर एवढंच लिहिलं जातं. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात शाखेत तोंडी सूचना आली, की काउंटरवर कोण कोण जवळ येतं ते ध्यानात ठेवा, पुढेमागे कोणी कोरोना पॉझिटिव्ह निघालं तर नावं द्यावी लागतील. ध्यानात कुठलं राहतंय! म्हणून रात्री जेवणं आटोपली की लिहायला बसायचे. आधी नुसती नावं आणि वेळ. मग नावांशेजारी ती माणसं काय बोलली तेही यायला लागलं, आणि बघता बघता सुविचाराच्या आजूबाजूलाही जागा उरेना.

माझं घर सिडकोत, शाखा जुन्या नाशकात. बँक राष्ट्रीयीकृत, एवढं पुरे.

२२ मार्चच्या पानावर सगळ्यांच्या आठवणीत असेल तेच आहे. पाच वाजता थाळ्या. खालच्या मजल्यावरच्या मुलाने कुकरचं झाकण बडवून बडवून चेपवलं, पुढे शिट्टी होईना म्हणून त्याची आई महिनाभर त्याच्या नावाने बोटं मोडत होती. २५ ला पाडवा आणि लॉकडाऊनचा पहिला दिवस एकत्रच. गुढी उभारली, साखरेची गाठी आणायची राहूनच गेली होती. सासूबाई म्हणाल्या, "असू दे, देव काय चेकिंगला येतोय?"

बँका अत्यावश्यक सेवेत, त्यामुळे मला घरात बसायची सोय नव्हती. यांची सातपूरची कंपनी बंद, मुलाचा दहावीचा भूगोलाचा पेपर लटकलेला (तो शेवटी रद्दच झाला), सासूबाईंचं गंगेवर (म्हणजे गोदावरीवर) जाणं बंद. घरातून रोज बाहेर पडणारी मी एकटी. गळ्यात निळ्या दोरीचं ओळखपत्र. मुंबई नाक्याजवळच्या नाकाबंदीवरचा पोलीस ते लांबूनच बघायचा आणि 'जा' म्हणून हात हलवायचा. माझ्या पुढच्या स्कूटरवाल्याला मात्र सगळी उलटतपासणी: कुठं चाललात, कशाला चाललात, औषधाची चिठ्ठी कुठंय. रस्त्यावर असायला कारण लागत होतं आणि ते समोरच्याला पटावं लागत होतं. माझं कारण माझ्या गळ्यातच होतं. खरं सांगायचं तर ते मोकळे रस्ते मला आवडत होते. शालिमारला सिग्नल नुसताच लाल-हिरवा होत असायचा, थांबणारं कोणी नाही. हे तेव्हा कोणाजवळ बोलले नाही, डायरीत मात्र आहे.

मग ३ एप्रिल उजाडला.

जनधनच्या महिला खात्यांवर केंद्र सरकार तीन महिने दरमहा पाचशे रुपये टाकणार होतं. गर्दी होऊ नये म्हणून खाते क्रमांकाच्या शेवटच्या आकड्यावर दिवस वाटून दिलेले: शून्य-एकवाल्या ३ तारखेला, दोन-तीनवाल्या ४ ला, चार-पाच ७ ला, सहा-सात ८ ला, आठ-नऊ ९ ला. कागदावर झकास. पण शेवटचा आकडा बघायला पासबुक हवं, ते पत्र्याच्या पेटीतून सापडायला हवं, आणि सापडलंच तर वाचता यायला हवं. पहिल्याच दिवशी सकाळी आठला शटरसमोर शून्यापासून नऊपर्यंत सगळे आकडे हजर.

आम्ही चुन्याने वर्तुळं आखून ठेवली होती. साडेनऊला ऊन चढलं तसं वर्तुळांत फक्त चपला, पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या उरल्या. बायका समोरच्या वाड्याच्या ओट्यावर सावलीला, एकमेकींना खेटून. अंतर चपला पाळत होत्या.

प्रत्येकीचा प्रश्न एकच. "मॅडम, आज नहीं निकाले तो पैसा वापस जाता क्या?" "ताई, पैसे सरकार काढून घेतं म्हणतात, खरं का?" कोणी सोडली ती अफवा देव जाणे. नाही जात, तुमच्याच खात्यात राहतात, हे सांगून सांगून घसा बसला. शटरवर कागद चिकटवला, मराठीत आणि हिंदीत. पण कागदापेक्षा शेजारीण जास्त भरवशाची. सगळ्या जणी पाचशेच्या पाचशे काढून न्यायच्या. "शंभर राहू द्या खात्यात" म्हटलं तर माझ्याकडे अशा बघायच्या, जणू मीच ते खिशात घालणार होते. (ही गोष्ट पुढे आडवी आली, ते नंतर सांगते.)

अंगठ्याच्या मशीनने तर सगळ्यांचा अंत बघितला. दारात शिपाईकाका हातावर सॅनिटायझर टाकणार, आत आल्यावर ओला अंगठा मशीन घेणार नाही. पदराला पुसा, परत ठेवा. भांडी घासून घासून रेषा झिजलेल्या अंगठ्याला ते कोरडा असतानाही दाद देत नाही. त्यावर बायकांनीच तोड काढली: अंगठा भांगातल्या तेलावर घासायचा आणि मग ठेवायचा. चालायचं! आयटीवाल्यांना फोन करकरून जे सुटलं नव्हतं ते खोबरेल तेलाने सोडवलं.

त्या रांगेतली एक बाई मला विसरता येत नाही. भद्रकालीकडची, पस्तिशीची असेल. शेवटचा आकडा आठ, आणि आली ४ तारखेला.

"तुमचा नंबर ९ तारखेला आहे, ताई. आज मिळणार नाहीत."

"माहितीये. उभी राहते थोडी."

मी वर बघितलं तर म्हणाली, "दोन खोल्या अन् आठ माणसं. नवरा, दीर, सासरा दिवसभर घरात, पत्ते कुटत्यात. इथं जरा वारा लागतो."

९ ला आली, पैसे नेले. पुढच्या आठवड्यात पासबुक भरायला आली. मशीन बंद आहे म्हटल्यावर "बरं" म्हणून अर्धा तास ओट्यावर बसली. तशा आणखीही होत्या, हळूहळू ओळखू यायला लागल्या. बुधवारचा बाजार बंद, देवळं बंद, गंगेचा घाट बंद. पुरुष निदान गल्लीच्या तोंडाशी टोळक्याने उभे असायचे आणि पोलिसांची गाडी दिसली की पांगायचे. बाईला तेवढीही मुभा नाही. तिच्यासाठी गावात दोनच जागा उरल्या होत्या: रेशनचं दुकान आणि आमची रांग. आमचे साहेब वैतागायचे, "काम नसताना येतात या." मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही नाही. घराबाहेर तासभर उभं राहणं हेच तर काम होतं. मेमध्ये दारूची दुकानं उघडली आणि तिथल्या रांगा बँकांच्या रांगांच्या कितीतरी पुढे गेल्या, तेव्हा 'काम नसताना' कोणी म्हणालं नाही.

रांगेतलं सगळंच गोड होतं असंही नाही. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून मालेगावच्या बातम्या यायला लागल्या, रोज आकडा वाढता. एका म्हाताऱ्या बाईंनी पिशवीतून आधार कार्ड काढलं आणि मागच्या कोणीतरी पत्ता मोठ्याने वाचला. मालेगाव. अख्खी ओळ दोन पावलं मागे सरकली. बाई नाशकात लेकीकडे राहायला येऊन काही वर्षं झाली होती, फक्त कार्ड बदललेलं नव्हतं. त्यांनी कार्ड उलटं करून छातीशी धरलं आणि काउंटरवर येईपर्यंत तसंच धरून ठेवलं. त्यांचे पैसे द्यायला मी मुद्दाम वेळ लावला, चार शब्द बोलले. त्याने काय फरक पडला असेल, कोण जाणे.

नोटांची तऱ्हा आणखी वेगळी. देशाच्या नोटा छापणारा प्रेस आमच्या नाशिकरोडला, आणि गावातली माणसं नोट चिमटीत धरत होती. एका आजोबांनी पेन्शनचे पैसे परत खात्यात भरायला आणले, ते साबणाच्या पाण्यात धुऊन, वाळवून, इस्त्री करून. मोजायच्या मशीनमधून त्या नोटा पुढे सरकेनात, एकमेकींना चिकटलेल्या. मी हाताने मोजल्या. इतकी स्वच्छ नोट मी नोकरीत पहिल्यांदा बघितली.

मे महिन्याच्या पानांवर शाखा कमी आणि जायचा-यायचा रस्ता जास्त आहे. कसारा घाट चढून, इगतपुरी-घोटीवरून मुंबईकडची माणसं चालत येत होती आणि आमच्या उड्डाणपुलाखाली सावलीला थांबत होती. १ मेला नाशिकरोडहून भोपाळला आणि दुसऱ्या दिवशी लखनौला श्रमिक गाड्या सुटल्या, देशातल्या अगदी पहिल्यांपैकी. पण गाडीत बसायला नावनोंदणी हवी, डॉक्टरांचा दाखला हवा, आणि पुलाखालच्या माणसाला त्याच्यासाठी कुठं उभं राहायचं ते ठाऊक नाही. एका पोरसवदा गवंड्याने मला थांबवून विचारलं, "दीदी, धुलिया कितना?" दीडशे किलोमीटरच्या वर आहे. मी "बहुत है" एवढंच म्हटलं. त्याने बायकोकडे वळून "पास ही है" सांगितलं. आमच्या भागातली मंडळी तिथं खिचडी वाटत होती, कोणी चपला वाटत होतं. त्या नवराबायकोने खिचडी नको म्हणून फक्त चपला घेतल्या.

घरी येताना आणखी एक नाका लागायचा, आमच्याच सोसायटीचा. बँकेत नोटा हाताळते म्हणून मी लिफ्ट वापरू नये, असं ठरलं होतं. सांगायला कोणी समोर आलं नाही, वॉचमनच्या तोंडून निरोप. चार मजले चढले रोज. त्याच सोसायटीने गेटवर निफाडच्या शेतकऱ्याची द्राक्षं मात्र कॅरेटच्या कॅरेट उतरवून घेतली, व्यापारी फिरकत नाहीत म्हणून बिचारा मिळेल त्या भावात देत होता. त्याला लिफ्टने वर जाऊन पोच करायची परवानगी होती. गंमत वाटते आता. तेव्हा नाही वाटली.

जूननंतरचं फार सांगण्यासारखं नाही. एक दिवस रस्त्याच्या या बाजूची दुकानं, दुसऱ्या दिवशी त्या बाजूची. काउंटरला काच बसली, बोलायला खाली अर्धचंद्राएवढं भोक. ऐकू येत नाही म्हणून खातेदार वाकून त्या भोकाला तोंड लावून बोलतात, म्हणजे काच नसती तर जेवढ्या लांब उभे राहिले असते त्याहून जवळ. डायरी मी डिसेंबरला बंद केली. २०२१ ची मिळाली, पण तिच्यात मार्चपर्यंत दुधाचे खाडेच आहेत.

मार्चअखेर पुन्हा लिहायला घेतलं. रुग्ण झपाट्याने वाढत होते. नाशकात त्याच महिन्यात व्हायचं साहित्य संमेलन पुढे ढकललं गेलं, रंगपंचमीला रहाडी (रंगाचे जुने हौद) उघडणार नव्हत्या. आणि मेन रोडला बॅरिकेड लागली. बाजारात शिरायचं तर माणशी पाच रुपयांची पावती, तासाभरात बाहेर पडायचं, जास्त थांबलात तर पाचशे रुपये दंड. दंडाची रक्कम नेमकी जनधनच्या हप्त्याएवढी, हे मी त्या पानावर अधोरेखित केलंय.

मला साडीला फॉल आणि अस्तराचं कापड हवं होतं. पावती घेतली. टेबलावरच्या माणसाने तिच्यावर वेळ टाकली. या रस्त्यावर मी शाळेपासून येतेय, आईचं बोट धरून, मैत्रिणींबरोबर, लग्नाच्या बस्त्याला. तिकीट काढून कधी आले नव्हते. आत मात्र इतकं सुटसुटीत होतं, की राग धरून ठेवणं जमेना. मॅचिंगवाले काका गल्ल्यावरून म्हणाले, "बाई, किती मिनिटं उरलीत?" मी पावती दाखवली. "मग घासाघीस नको, आहे त्या भावात घ्या." आणि मी घेतलं! शेजारी एक नवराबायको चोळीच्या खणावरून भांडत होते. ती म्हणत होती, बाहेर जाऊन परत पाच-पाच भरून येऊ, पण हा रंग नको. पाच रुपयांनी गर्दी हटते हे खरं. पण ज्याला काही घ्यायचं नाही, नुसतंच कोपऱ्यावर उभं राहून येणंजाणं बघायचंय, त्याच्यासाठी त्या पावतीवर रकाना नव्हता. तसेही ते थोड्याच दिवसांचं ठरलं, कारण एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात राज्यभर निर्बंध आले आणि ती दुकानंच बंद झाली.

२१ एप्रिलला रामनवमी होती. बँकेला सुट्टी. काळाराम मंदिर भक्तांना बंद, म्हणून सासूबाईंनी घरातच दुपारी बाराला पाळणा हलवला, सुंठवडा वाटला. सुंठवड्याची वाटी हातात असतानाच फोन वाजायला लागले. महापालिकेच्या रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली होती, पांढऱ्या ढगाचे व्हिडिओ येत होते. तिथं व्हेंटिलेटर आणि ऑक्सिजनवर असलेले २२ जण त्या दिवशीच गेले. त्या पानावर मी तारीख आणि 'रामनवमी' एवढंच लिहिलंय. पुढची बरीच पानं कोरी आहेत. आमचे शिपाईकाका त्याच पंधरवड्यात गेले, रांगेतल्या प्रत्येकीच्या हातावर सॅनिटायझर टाकणारे. त्यांच्या दहाव्याला चार-पाच माणसांपलीकडे कोणाला येता आलं नाही.

मे उलटल्यावर शाखेत नवी रांग लागली. या रांगेत कोणी बोलत नव्हतं. हातात मृत्यूचा दाखला आणि गेलेल्याचं पासबुक. मी प्रत्येक पासबुकात एकच नोंद शोधायचे: मागच्या मे-जूनच्या सुमाराला ३३० रुपये वजा. जीवन ज्योती विम्याचा तेव्हाचा वर्षाचा हप्ता. ती नोंद असेल तर वारसाला दोन लाख. नुसती १२ रुपयांची असेल तर तो अपघात विमा, आजाराला त्यातून काही नाही. खातं उघडताना दोन्ही चौकोन समोर ठेवले होते. कित्येकांनी "बारावाला करा, तीनशे तीस कशाला" म्हटलेलं मला चांगलं आठवतं, आणि आम्हीही टार्गेटपुरतेच मागे लागायचो.

बायकांच्या खात्यांत वेगळाच घोळ. फॉर्म भरलेला, सही आहे, दरवर्षी हप्ता कापला गेलाय, आणि नेमका २०२० चा नाही. का, तर हप्ता कापायच्या वेळी खात्यात शिल्लक शून्य. पैसे परत जातील म्हणून पाचशे आले की पाचशे काढलेले. एका नवऱ्याला मी ते पासबुकावर बोट ठेवून दाखवलं. पाचशे जमा, पाचशे वजा. परत तसंच, आणि जूनमध्येही तसंच. तो म्हणाला, "त्या पैशातनं तिनं तांदूळ आणला होता." बरोबरच होतं. तेव्हा तांदूळच आणायचा होता. वर कळवून बघितलं, नियमापुढे काही चालेना.

ज्यांचं निघालं त्यांचं निघालं. वडाळ्याकडच्या एका बाईंचा क्लेम मंजूर झाला, नवरा रिक्षा चालवायचा. पैसे जमा झाल्याचं सांगितलं तरी उठेनात. काचेच्या भोकाशी तोंड आणून म्हणाल्या, "मॅडम, आता माझ्या खात्यातनं पण कापत जा. दोन पोरी आहेत मला."

वय विचारलं. सदतीस. पन्नासच्या आत चालतं. फॉर्म काढला, नाव-पत्ता मीच भरला, वारस म्हणून त्यांनी थोरलीचं नाव सांगितलं. थोरली अकरा वर्षांची. वारस अज्ञान, म्हणजे अठराच्या आतला असेल तर तिच्या वतीने पैसे घेणाऱ्या मोठ्या माणसाचं नाव लिहावं लागतं. दीराचं लिहू का, म्हटलं. "नको." सासऱ्यांचं? त्यांनी मान हलवली. मागे रांग वाढत होती. मी पेन बाजूला ठेवून त्यांना खुर्चीत बसायला सांगितलं आणि पुढचा नंबर घेतला. पंधरा-वीस मिनिटांनी त्या परत काचेशी आल्या आणि म्हणाल्या, "माझ्या बहिणीचं लिहा. ती ओझरला असती."